मासे सगळ्यात शेवटी

गेल्या खेपेला या पानावर पाणवनस्पतींबद्दल मी ओझरतं लिहिलं होतं की टबात, हौदात, अगदी जुन्या डोणीतसुद्धा छोटं तळं करता येतं. त्यावर भरपूर पत्रं आली. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच, ‘मासे कुठले घेऊ?’ काहींनी तर मासे आणून, पिशवी हातात धरूनच पत्र लिहिलं असावं अशी शंका येते. म्हणून आधीच सांगते, या कामात मासे सगळ्यात शेवटी येतात. आता प्रश्नांकडे वळते.

ताई, राजारामपुरीत आमचं दुमजली घर आहे. गच्चीवर पाचशे लिटरची जुनी पाण्याची टाकी पडून आहे. ती कापून त्यात कमळ लावावं आणि सात-आठ कोई मासे सोडावेत असा विचार आहे. नातवाला फार हौस आहे. पंप, फिल्टर, कारंजं हे सगळं घ्यावं लागेल का? (एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर)

सर, टाकीला करवत लावण्याआधी गच्चीचा हिशेब करू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाचशे लिटर म्हणजे अर्धा टन झाला, शिवाय माती, कुंड्या, विटा आणि काठाशी वाकून बघणारी तुमची मंडळी. माणसांची ये-जा असलेली घराची गच्ची साधारणपणे दर चौरस मीटरला दीडशे किलो भार धरून आखतात, आणि फूटभर खोल पाणीच चौरस मीटरला तीनशे किलो भरतं. स्लॅब लगेच खाली येईल असं नाही, पण टब गच्चीच्या मधोमध ठेवायचा नाही. खाली भिंत किंवा बीम असेल तिथं, शक्यतो कॉलमजवळच्या कोपऱ्यात ठेवायचा. घर जुनं असेल, स्लॅबला ओल असेल, सळया दिसत असतील, तर गच्चीचा नाद सोडा आणि टब खाली अंगणात मांडा. शंका असेल तर एखाद्या इंजिनिअरला दाखवून घ्या.

टाकी अर्ध्यावर कापा. अडीचशे लिटर पुष्कळ झाले. दीड-दोन फूट खोली मिळाली की उन्हाळ्यात पाणी चहासारखं तापत नाही. टाक्या बहुधा काळ्या असतात आणि काळं प्लास्टिक ऊन ओढून घेतं, म्हणून बाहेरून तरट गुंडाळा किंवा भोवती विटांचा कोरडा कट्टा रचा. कापलेली कड फार धारदार असते. बागेच्या पाइपचा तुकडा उभा चिरून त्या कडेवर चढवला की हात कापत नाहीत. काठाच्या तीन-चार बोटं खाली एक भोक पाडून त्याला बारीक जाळी लावा. जुलैत आपल्याकडे संततधार लागली की पाणी तिथून जाईल आणि मासे आत राहतील. हे भोक नसलं, तर पहिल्याच मोठ्या पावसात मासे गच्चीच्या पन्हळीत दिसतील.

कोई नकोत. वाढलेला कोई दोन फुटांवर जातो. त्याला हजारो लिटरचं तळं लागतं, आणि मुळं उकरून कुंडीतली माती बाहेर काढणं हा त्याचा आवडता धंदा. गोल्डफिशही त्याच्याच नात्यातला, घाण करण्यात तितकाच पुढे. टबात कोई आणि कमळ एकत्र ठेवले, तर महिन्याभरात दोन्हीही धड राहत नाहीत.

कमळाचं म्हणाल, तर नर्सरीत ‘कमळ’ म्हणून मिळतं ती बऱ्याचदा वॉटर लिली असते. पानावरून ओळखा. लिलीच्या पानाला देठापर्यंत चीर असते आणि ते पाण्यावर लोळतं. कमळाचं पान थाळीसारखं अखंड असतं आणि वाढल्यावर पाण्याच्या वर उभं राहतं. कमळाला दिवसभर ऊन आणि पसरट, ऐसपैस भांडं लागतं. तुमच्या टबाला एक लिली बरोबर बसेल. तिला पाच-सहा तास ऊन मिळालं तरी ती फुलते, म्हणून सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली अशी पूर्वेकडची जागा बघा.

माती हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. कुंडीसाठी मिळणारं तयार मिश्रण घालू नका. त्यातलं कोकोपीट वर तरंगतं, शेणखत आत कुजतं आणि पाण्याला गटाराचा वास येतो. जड, चिकण काळी माती घ्या. ऊस-पट्ट्यात राहून मातीला तोटा नाही, फक्त सरीतली न घेता बांधावरची घ्या, कारण सरीत युरिया पडलेला असतो. दहा-बारा लिटरचं प्लास्टिकचं घमेलं घ्या. भोकं नसली तरी चालतं. त्यात माती दाबून भरा आणि लिलीचा कंद तिरपा लावून त्याचं टोक मातीबाहेर ठेवा. वर दोन बोटं धुतलेली जाड वाळू पसरा, म्हणजे माती ढवळणार नाही. घमेलं आधी विटांवर उंच ठेवा. पानं पाण्यावर आली की एकेक वीट काढत खाली न्या. लिलीच्या वर एक-दीड फूट पाणी असलं की झालं. बाजूला, काठाशी, विटांवर एका कुंडीत वेखंड किंवा ब्राह्मी ठेवा. अळूही चालेल. न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसणाऱ्या अळूला टब म्हणजे माहेरपण. पाण्यात मोकळी सोडायला हायड्रिला किंवा हॉर्नवर्टची एक जुडी आणा.

नळाचं पाणी भरलंत तर टब एक-दोन दिवस उघडा ठेवा, क्लोरीन उडून जाईल. घाई असेल तर माशांच्या दुकानात ‘अँटिक्लोरीन’ मिळतं, त्याचे थेंब टाका. बोअरचं पाणी फार जड असेल तर त्यात पावसाचं पाणी मिसळा. पत्र्यावरून पडणारी पहिल्या पावसाची धार मात्र सोडून द्या. वर्षभराची धूळ आणि कबुतरांची विष्ठा त्यातच असते.

आता थांबायचं. तीन-चार आठवडे मासे नाहीत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो, आणि तो माशांना विष आहे. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू मातीवर, वाळूवर, टबाच्या भिंतीवर वस्ती करतात. ही वस्ती बसायलाच महिना-दीड महिना जातो. झाडं आधी रुजली असली की तीही अमोनिया आणि नायट्रेट खातात, म्हणून हा काळ निभतो. ज्यांनी पहिल्याच दिवशी मासे सोडले त्यांची पुढची पत्रं ‘मासे का मेले’ अशी असतात. या तीन-चार आठवड्यांत डास होऊ नयेत म्हणून जुनी मच्छरदाणी टबावर ताणून भोवती दोरी आवळा. ऊन आत जातं, डास जात नाहीत.

मग सहा ते आठ गप्पी मासे आणा. पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, टबातलं थोडं थोडं पाणी पिशवीत घाला आणि मासे सोडा. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका. रंकाळा तलावावर भेळ खाताना लोक चुरमुरे टाकतात, तसं घरी करू नका. कणकेच्या गोळ्याही नकोत. गप्पी दर महिन्याला पिल्लं घालतात, त्यामुळे आठाचे चाळीस कधी झाले कळणारही नाही. नुसते नर आणलेत तर ही कटकट नाही, आणि रंगही नरांनाच जास्त असतो.

पंप, फिल्टर, कारंजं काही नको. लिलीला शांत पाणी लागतं. पानांवर सतत पाणी उडत राहिलं की ती सडतात. खर्च रोपांचा आणि माशांचा, बस्स.

नातवासाठी मात्र खर्च करा. लहान मूल ढोपरभर पाण्यातही बुडू शकतं. टबावर मजबूत लोखंडी जाळी बसवा आणि गच्चीच्या दाराला वर हात पोचणार नाही अशी कडी लावा. हे झाल्याशिवाय पाणी भरू नका.

मॅडम, आमचं गुऱ्हाळ बंद होऊन बरीच वर्षं झाली. उसाचा रस आटवायची मोठी कढई, म्हणजे काहील, तशीच पडली आहे. त्यात तळं होईल का? आई म्हणते, तांब्याचा जुना बंबपण आहे, त्यात एखादं रोप लावू. (करवीर तालुक्यातले एक शेतकरी)

होईल, आणि देखणं होईल. काहील पसरट असते, एका काहिलीत दीड-दोन हजार लिटर पाणी सहज मावतं. ते वजन दोन टनांपर्यंत जातं, त्यामुळे काहील जमिनीवरच मांडा. जागा खणून, मुरूम धोपटून आणि पाणसळ लावून सपाट केलेली हवी. गुऱ्हाळाच्या जुन्या भट्टीवर चढवायचा मोह होईल, तो टाळा. तिथं एक बाजू खचली तर सगळं पाणी एका काठाला जातं.

पत्रा साध्या लोखंडाचा असेल तर गंज माशांना फारसा बाधत नाही, पण पत्रा खात जातो आणि एके दिवशी तळ सुटतो. पत्रा गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, असेल तर जस्ताची भीती. पावसाचं मऊ पाणी जस्त ओढून घेतं आणि ते माशांना सोसत नाही. दोन्हींवर उपाय एकच. आतून घासून, जुनी काजळी आणि साखरेचा थर काढून, शेततळ्याला वापरतात तसला जाड प्लास्टिकचा कागद अंथरा. कड बाहेर दुमडून त्यावर दगड ठेवा. काहील उथळ असल्यामुळे एप्रिल-मेमध्ये लवकर तापते, तेव्हा दुपारच्या वेळी अर्ध्या भागावर शेडनेट हवं. लिलीच्या दोन-तीन जाती आणि काठाने पाणकणीस किंवा वेखंड असं लावा. कमळ लावायचं तर तेही इथंच लावा, फक्त कुंडीत. मोकळं सोडलं तर कंद सगळीकडे पसरतो.

बंबाचं म्हणाल, तर आईंना सांगा, त्यात पाणवनस्पती आणि मासे दोन्ही नकोत. तांबं माशांना वाईट आणि गोगलगाईंना त्याहून वाईट. घासूनपुसून दारात ठेवा, आत साध्या कुंडीत मनीप्लांट ठेवा.

काकू, टब लावून दोन महिने झाले. पाणी हिरवंगार, पालेभाजीचं पाणी वाटावं तसं. तीनदा पूर्ण बदललं, आठवड्यात परत हिरवं. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. दुकानदार म्हणाला थोडं मोरचूद टाका. टाकू का? (एक गृहिणी, शाहूपुरी)

मोरचूद अजिबात टाकू नका. ते कॉपर सल्फेट असतं. पिकांवरच्या बुरशीसाठी फवारतात त्या बोर्डो मिश्रणात घालतात तेच. शेवाळ मरेल, त्याबरोबर गोगलगाई मरतील आणि बहुधा मासेही. समजा मासे वाचले, तरी मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतं आणि दुसऱ्या दिवशी तेच होतं.

पहाटे तोंड उघडण्याचं कारणही तिथंच आहे. हिरवं पाणी म्हणजे कोट्यवधी सूक्ष्म शेवाळपेशी. दिवसा त्या ऑक्सिजन सोडतात, रात्री स्वतःच वापरतात. त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन उजाडण्याच्या सुमारास सगळ्यात कमी असतो. त्यात गरम पाणी कमी ऑक्सिजन धरतं. वीस अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम मावतो, पस्तीसला सातच्या आत. म्हणून मे महिन्यात मासे पहाटे धापा टाकतात आणि दहा वाजता अगदी ठणठणीत दिसतात. तुम्ही दुपारी बघता आणि म्हणता, ‘बरे आहेत की!’

पाणी पूर्ण बदलणं बंद करा. प्रत्येक वेळी तुम्ही जिवाणूंची वस्ती धुऊन टाकता आणि शेवाळाला नवं ऊन, नवे क्षार देता. टबाचा निम्म्याहून थोडा जास्त पृष्ठभाग पानांनी झाकला पाहिजे. लिली अजून लहान असेल तर तोवर वर एक फळी किंवा शेडनेटचा तुकडा आडवा टाका. हॉर्नवर्ट वाढवा, त्याची आणि शेवाळाची भूक एकाच खाद्यावर आहे. खाद्य आठवडाभर बंद ठेवा. मासे उपाशी मरणार नाहीत, त्यांना तिथं खायला पुष्कळ आहे. दर आठवड्याला तळातलं पाचवा हिस्सा पाणी काढून तुळशीला, जास्वंदीला घाला आणि तेवढंच बिनक्लोरीनचं पाणी हळू ओता. तीन-चार आठवड्यांत पाणी निवळतं. कडेला दोरासारखं शेवाळ दिसलं तर काठीला गुंडाळून काढा, ते हिरव्या पाण्यातल्यापेक्षा वेगळं शेवाळ आहे.

दुकानदार आता ‘काच साफ करणारा मासा’ म्हणून सकर देईल. घेऊ नका. तो फूटभर वाढतो, हिरवं पाणी पीत नाही आणि कंटाळून लोक त्याला नदीत सोडतात. देशातल्या बऱ्याच नद्यांत आणि तळ्यांत तो आता आपल्या माशांना त्रास देतो आहे.

आमच्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी म्हणतात, टब ठेवला तर डेंगी होईल. महापालिकेची माणसं घरोघरी पाणी तपासतात, दंडाची भीती घालतात. (एक वाचक, नागाळा पार्क)

सेक्रेटरींची भीती खरी आहे, बोट मात्र चुकीकडे आहे. डेंगीचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. गप्पी असलेल्या टबात अळी तेवढी जगत नाही. ती जगते कुंड्यांखालच्या बशांत, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, टेरेसवरच्या टायरात आणि तुमच्याच टबावर पाऊस धरून बसलेल्या ताडपत्रीच्या घडीत. शिवाय ही अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा बश्या नुसत्या ओतू नका, घासून कोरड्या करा.

सेक्रेटरींना समोर घेऊन पांढऱ्या वाडग्याने टबाच्या काठालगतचं पाणी घ्या आणि टॉर्चने दाखवा. तपासणीला आलेल्या माणसांनाही तसंच दाखवा. एकच खबरदारी घ्या. टिकलीसारखी तरंगणारी वनस्पती सगळ्या पाण्यावर दाट पसरली, तर मासे खालीच राहतात आणि अळ्यांचं फावतं. ती दर आठवड्याला निम्मी उपसून कंपोस्टमध्ये टाका. आणि जलपर्णी फुकट मिळते म्हणून आणू नका. पंचगंगेत आणि रंकाळ्यात तिने काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. टबातलं कुठलंही रोप, कुठलाही मासा गटारात, ओढ्यात किंवा तळ्यात जाता कामा नये.

आमचं घर नदीकडच्या सखल भागात आहे. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा अंगणात पाणी आलं. मग टब ठेवू की नको? (दुधाळी परिसरातल्या एक वाचक)

ठेवा, पण मासे निवडून ठेवा. पुरात टब नदीचा भाग होतो. तुमच्याकडचा दक्षिण अमेरिकेतला गप्पी त्या रात्री पंचगंगेचा रहिवासी होतो. तुमच्या जागी मी असते तर अंगणात फक्त झाडं आणि पट्टेरी पॅन्चॅक्ससारखा आपल्याच दख्खनी पाण्यातला मासा ठेवला असता. डासांच्या अळ्या तो गप्पीइतक्याच आवडीने खातो. उडी मात्र मारतो, त्यामुळे वर जाळी हवी. हे मासे पाळलेले विकत घ्या, राधानगरीच्या ओढ्यांतून धरून आणू नका.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३. तुम्ही हे आकडे पावसाळ्यात माझ्यापेक्षा जास्त ऐकता. इशारा पातळी आली की मासे झाकणाच्या बादलीत भरून वरच्या मजल्यावर न्या, बादलीत टबातलंच पाणी आणि हॉर्नवर्टची एक काडी घाला. लिलीचं घमेलं जागीच राहिलं तरी ती मरत नाही. पूर ओसरल्यावर टबातलं पाणी ठेवू नका. त्यात ड्रेनेज मिसळलेलं असतं. टब घासून पुन्हा भरा, आणि पुन्हा वाट बघा.

घरच्या गणपतीचं विसर्जन आमच्या टबात केलं तर चालेल का? शाडूचीच मूर्ती आहे. (एक वाचक, मंगळवार पेठ)

मूर्ती शाडूची असली तरी रंग शाडूचे नसतात, आणि शाडू इतका बारीक असतो की पाणी कित्येक दिवस दुधाळ राहतं. तो माशांच्या कल्ल्यांत बसतो. वेगळ्या बादलीत विसर्जन करा. मूर्ती न रंगवलेली असेल तर विरघळलेली माती पुढच्या वर्षीसाठी वाळवून ठेवा. निर्माल्य टबात घालायचं नाही, एक फूलसुद्धा नाही. ते खड्ड्यात कुजवा. विसर्जनाला रंकाळ्याजवळच्या इराणी खणीवर जायची घरची प्रथा असेल तर ती आहेच.

खंड्या रोज येतो आणि एक गप्पी घेऊन जातो. उपाय सांगा. (एक वाचक, कसबा बावडा)

रोज एक परवडतं, गप्पी त्यापेक्षा वेगाने वाढतात. लिलीची पानं दाट होऊ द्या आणि तळाशी दोन जुनी मंगलोरी कौलं पालथी टाका, माशांना आडोसा मिळेल. तरीही नको असेल तर जाळी बांधा, पण ती पाण्यापासून वीतभर वर आणि ताणून बांधा. ढिली जाळी लोंबली की त्यात पक्ष्याचे पाय अडकतात आणि मग सोडवायला तुम्हालाच चोच खावी लागते.